आईच्या तीन सह्या

तुळिंजच्या आमच्या जुन्या घरापासून ती बँक चालत सात-आठ मिनिटांवर होती. आता तिथे कपड्यांचं दुकान आहे, आणि बँक कुठेतरी पुढे गेली म्हणतात. अजूनही त्या रस्त्याने जाताना माझ्या तोंडून काहीतरी निघतंच, आणि माझी मुलगी म्हणते, "आई, झालं तुझं सुरू." हो, झालं सुरू. काही माणसं राग विसरतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण मी त्यातली नाही.

ही हकिकत मी आजवर पन्नासएक जणांना तरी ऐकवली असेल. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना शेजारच्या अनोळखी बाईंना. दर वेळी मी ती बँकेच्या दारात संपवते. ऐकणारे बँकेला शिव्या देतात आणि माझं समाधान होतं. आज मात्र ती दाराबाहेर काय झालं तिथपर्यंत सांगणार आहे.

आम्ही परळच्या चाळीतून नालासोपाऱ्याला राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी वडिलांनी आईचं बचत खातं उघडून दिलं. वडील अंधेरीला एका कंपनीत कारकून होते. आई साताऱ्याकडच्या खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली. इकडे आल्यावर तिने मंगळसूत्राचे काळे मणी तारेत ओवायचं काम घेतलं. इमारतीतल्या सात-आठ जणी करायच्या. एक शेठ पिशव्या भरून मणी आणून द्यायचा आणि आठवड्याने माळा घेऊन जायचा. त्याचे जे पैसे मिळायचे ते आईचे स्वतःचे. त्यातलं ती घरखर्चाला काही देत नव्हती आणि वडीलही मागत नव्हते. ते पैसे ती स्वतः बँकेत नेऊन भरायची.

ते अंगठ्याचं खातं होतं. म्हणजे पासबुकावर आईचा फोटो डकवलेला, चेकबुक नाही, आणि पैसे काढायचे तर तिने जातीने यायचं. खिडकीतल्या माणसाने फोटो बघायचा, मग तिचं तोंड बघायचं, मग शाईचा पॅड पुढे सरकवायचा. अंगठा दिलेली माणसं शाई पुसायची ती खिडकीखालच्या भिंतीला. हातभर उंचीचा पट्टा निळाजांभळा होऊन गेला होता. आईने भिंतीला कधी बोट लावलं नाही. ती पदराच्या आतल्या बाजूला पुसायची आणि घरी येऊन तेवढाच पदर धुवायची. तिला त्या शाईची लाज वाटायची हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं.

पुढे मी प्राथमिक शिक्षिका झाले. विरार पूर्वेला चंदनसारच्या बाजूच्या शाळेत, पहिलीच्या वर्गावर. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता, साक्षरता मोहिमेचे दिवस होते आणि सरकारला काहीही करायचं झालं की सगळ्यात आधी मास्तर आठवतात. खानेसुमारीला मास्तर, निवडणुकीला मास्तर, पोलिओच्या डोसाला मास्तर. तसे याही कामाला आम्हीच. सकाळची शाळा आटपून दुपारी आपापल्या वस्तीत प्रौढांचा वर्ग घ्यायचा, हजेरी ठेवायची, महिन्याला तक्ता भरून द्यायचा. मी कुरकुरत कुरकुरत आमच्याच इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत वर्ग सुरू केला. अकरा बायका आल्या. बारावी माझी आई. ती सगळ्यात मागे, टाकीला टेकून, मांडीवर मण्यांचं ताट घेऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, "मी आपली सावलीला आलीया."

दोन महिन्यांनी तिने एकदा ताट बाजूला ठेवलं आणि पाटी मागितली.

तिला बाराखडी नको होती. तिला फक्त सही हवी होती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तेवढंच शिकव, बाकीचं तुझ्या त्या बायकांना शिकव, असं तिने मला स्पष्ट सांगितलं. आणि शिकली तीही आपल्या पद्धतीने. पहिलीच्या पोरांना आम्ही सांगतो, आधी अक्षरं काढा, मग वर रेघ द्या. आई आधी रेघ ओढायची. आडवी, सरळ, लांबलचक. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर जोडत जायची. मी सांगून बघितलं. ती म्हणाली, "आदी दोरी बांदायची, मग कापडं वाळत घालायची. कापडं हातात धरून कुनी दोरी बांदतं का?" मी हसले आणि सोडून दिलं. रेघ कमी पडली तर आडनावाचं शेवटचं अक्षर रेघेबाहेर लोंबायचं. रेघ जास्त झाली तर पुढे नुसतीच रिकामी जायची. पण नाव वाचता यायचं. कोणालाही वाचता आलं असतं.

सोसायटीच्या मीटिंगच्या वहीत तिने पहिली सही केली तेव्हा दोन मिनिटं लागली आणि मागच्या माणसाने थांबून घेतलं. वडील घरी येऊन म्हणाले, "तुझी आई आता कलेक्टर झाली." आई लाजली, रागावली, आणि मग मला म्हणाली, "आता बँकेत जायाचं."

एवढंच पाहिजे होतं तिला. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दीड महिन्यावर होतं. भाचीला चांदीचे पैंजण घालायचे होते, आत्या म्हणून. त्यासाठी पैसे काढायचे होते, आणि ते अंगठा न देता, सही करून काढायचे होते. पैंजण काय, वडिलांनीही आणून दिले असते. पण तिला ते तिच्या सहीचे हवे होते.

पहिल्या दिवशी खिडकीत एक बाई होत्या. गोड बोलल्या. "अरे वा मावशी, सही शिकलात? छान! काही अवघड नाही. एक अर्ज लिहा, दोन फोटो आणा, आणि या शाखेत खातं असलेला एक माणूस साक्षीला आणा. नात्यातला नको. झालं." आईचा चेहरा असा फुलला की मलाच बाईंना नमस्कार करावासा वाटला. आम्ही फोटो काढले. अर्ज मी लिहिला. साक्षीला तळमजल्यावरच्या काकूंना तयार केलं. त्यांचं खातं तिथेच होतं, पण त्याही मणी ओवायच्या, म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. तरी आल्या बिचाऱ्या.

दुसऱ्या वेळी त्या गोड बाई रजेवर. त्यांच्या जागी एक गृहस्थ. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला. "साक्षीदार कशाला आणलाय? साक्षीदार नवीन खात्याला लागतो. हे अंगठ्याचं सहीवर करायचंय ना? मग साक्षर झाल्याचा दाखला पाहिजे."

मी म्हटलं, "दाखला देणारी मीच आहे. मी शिक्षिका आहे. वर्ग माझाच."

"तुम्ही कोण यांच्या?"

"मुलगी."

"मग तुमचा कसा चालेल?"

काकू हात हलवत घरी गेल्या. मी हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर म्हणाले, असा दाखला आपण देतो की नाही ते बघावं लागेल. तालुक्याला विचारलं. तालुक्याने सांगितलं, द्या. यात दोन आठवडे गेले. शेवटी शाळेच्या कागदावर, गोल शिक्क्यानिशी, माझ्या आईला लिहिता येतं असं हेडमास्तरांनी लिहून दिलं. तो कागद आईने पिशवीत न ठेवता घरापासून बँकेपर्यंत हातात धरून आणला.

तिसऱ्या वेळी आम्हाला आतल्या टेबलावर पाठवलं. तिथे अधिकारी होते. त्यांनी दाखला वाचला आणि विचारलं, "हा कोणी मागितला?"

"तुमच्याच खिडकीतल्या साहेबांनी."

"असा काही नियम नाही." त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "नमुना सही लागते फक्त. तीन सह्या करा या कार्डावर. उगाच कशाला नाचत बसलात इतके दिवस?"

नाचत! आम्ही नाचत होतो! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, मला नियम लेखी द्या. ते म्हणाले, लेखी आम्ही देत नाही. मी म्हटलं, मग खिडकीत एक नियम आणि टेबलावर दुसरा, हे कसं? ते म्हणाले, "मॅडम, वेळ जातोय, सही करायची का?"

आईने पेन घेतलं. कार्डावरची चौकट बोटभर. तिची रेघच वीतभर असायची. पहिल्या चौकटीत तिने रेघ बेताची ओढली, तर आडनाव बाहेर लोंबलं. दुसरीत रेघ लांब घेतली, ती चौकट ओलांडून शेजारच्या रकान्यात शिरली. तिसरीत तिने सगळं इतकं दाटीवाटीने बसवलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. तिला घाम फुटला होता. मागे रांग वाढत होती, कोणीतरी "चला, चला" करत होतं.

अधिकाऱ्यांनी कार्ड उचललं. तिन्ही सह्या बघितल्या. "ही वेगळी, ही वेगळी, ही तिसरीच. मावशी, यातली तुमची कुठली?"

आई म्हणाली, "तिनी माज्याच."

हे वाक्य मी सांगते तेव्हा लोक टाळी देतात. मीही ते खणखणीत म्हणून दाखवते. पण त्या दिवशी रांगेतलं कोणीतरी हसलं होतं आणि मला शरम वाटली होती. आईची शरम. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अधिकारी म्हणाले, सही जुळली नाही तर उद्या पैसे अडकतील, तक्रार आमच्यावर येईल, त्यापेक्षा अंगठाच राहू द्या, अंगठा बदलत नाही. मी विचारलं, "तो अंगठा तुम्ही कशाशी जुळवून बघता? भिंग आहे का तुमच्याकडे?" त्यावर ते चक्क हसले. "अंगठा कोण बघतंय, मॅडम? आम्ही फोटो बघतो." म्हणजे जो कोणी बघतच नाही तो चालतो, आणि जी सरळ वाचता येते ती चालत नाही. मी तिथे बरंच काही बोलले. सरकार आम्हाला उन्हातान्हात बायकांचे अंगठे सोडवायला पाठवतं आणि तुम्ही त्यांना पुन्हा पॅडवर आणून बसवता, असंही बोलले. आवाज चढला असणार, कारण शिपाई येऊन उभा राहिला. अधिकारी म्हणाले, "सरावाने जमेल. सारखी सही जमली की या."

घरी आल्यावर मी सरावाला लागले. मी लागले, असंच म्हणायला पाहिजे. मण्यांच्या माळा गुंडाळायचे जे पुठ्ठे यायचे, त्यांच्या मागच्या बाजूला मी पट्टीने चौकटी आखल्या. बँकेच्या कार्डावरच्या मापाच्या. एका पुठ्ठ्यावर वीस. रोज शाळेतून आले की जेवायच्या आधी आईला बसवायची. रेघ आधी ओढायची नाही, अक्षरं आधी. बारीक. इथून सुरू, इथे संपलं पाहिजे. आई म्हणायची, "माजी रीत मला ऱ्हाऊ दे गं." मी म्हणायची, "तुझ्या रीतीनेच वाट लागली ना!"

पहिलीच्या वर्गात माझ्याकडे बेचाळीस पोरं होती. त्यातल्या एकावरही मी कधी असा आवाज चढवला नव्हता. एका संध्याकाळी तिने विसरून पुन्हा आधी रेघ ओढली आणि मी तिच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं. वडील पेपरातून डोकं वर काढून एवढंच म्हणाले, "हळू." मी त्यांच्यावरही ओरडले. बँकेत ज्यांना बोलायला हवं होतं ते माझ्या हाताला लागत नव्हते, आणि आई समोर बसलेली होती.

आठवड्याभरात तिचं जमायचं ते तर नाहीच जमलं, येत होतं तेही जायला लागलं. आता ती पेन टेकवायची आणि थांबायची. माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवली की पुढचं अक्षर काढायची. ते बघून तरी मी थांबायला हवं होतं. पण लग्न जवळ येत चाललं होतं, आणि मला ती बँक जिंकायची होती.

चौथ्या वेळी शनिवार होता. लग्नाला आठ दिवस राहिलेले, मंगळवारची गाडी. शनिवारी बँकेचे व्यवहार साडेअकराला बंद व्हायचे. माझी शाळा सुटून मी पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. आई आधीच येऊन बाकावर बसलेली. चांगलं लुगडं नेसून आली होती. या वेळी मी खिडकीत नाही, टेबलाशी नाही, थेट मॅनेजरच्या काचेच्या खोलीत शिरले.

मॅनेजर चांगले होते. उगाच कशाला खोटं बोला! त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोपं आहे. हे खातं बंद करा. सहीचं नवीन खातं उघडा." मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात त्यांनी आतल्या टेबलावरच्या अधिकाऱ्यांना बोलावलं, आणि ते म्हणाले, "साहेब, बंद करायला अंगठाच लागेल. आणि नवीन उघडलं तरी नमुना सही जुळायला नको का?" मॅनेजर म्हणाले, नवीन खात्याला एकच सही घ्या. अधिकारी म्हणाले, कार्डावर तीन छापल्यात. मॅनेजर म्हणाले, सही अधिक फोटो, दोन्ही चालतं. अधिकारी म्हणाले, मागच्या शाखेत चालत होतं, इथे ऑडिटला हरकत आली होती. आमच्या डोक्यावरून दोघांचं चाललं होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मग मॅनेजरनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही नोकरीला आहात ना? मग तुमचंच नाव लावा की खात्याला. जॉइंट. पैसे काढायला तुमची सही. आईंना इथवर यायला नको, रांगेत उभं राहायला नको. आत्ता करून देतो, दहा मिनिटांत पैसे घेऊन जा."

मी हो म्हटलं.

विचार केला नाही. आईला विचारलं नाही. तीन खेपांचा राग, बुडालेल्या तासिका, अधिकाऱ्यांचं ते हसू, सगळं त्या एका 'हो'मध्ये बाहेर पडलं आणि मला मोकळं वाटलं. सुटलो, असंच वाटलं.

फॉर्म आला. मी भरला, भरभर. कार्डावर माझ्या सह्या केल्या, तीन चौकटींत तीन. मॅनेजरनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे आईंचा अंगठा. त्यांची संमती म्हणून."

आईने मॅनेजरकडे बघितलंच नाही. ती मला म्हणाली, "हितं सही करू का?"

फॉर्मवर तिथे चौकट नव्हती. मोकळी जागा होती, लांबलचक. तिची रेघ आरामात मावली असती. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक मी 'करू द्या ना' म्हटलं असतं तर त्यांनी करू दिलं असतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. घड्याळात सव्वाअकरा होऊन गेले होते. मी म्हटलं, "आई, दे आता अंगठा. उशीर होतोय."

तिने हात पदराखाली घेतला.

"आई!"

ती बसून राहिली. मी तिचा हात पदराखालून काढला, अंगठा धरला, पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. तो नीट उठला नाही, फराटा आला. म्हणून पुन्हा एकदा पॅडवर दाबला आणि पुन्हा टेकवला. तिचा हात माझ्या हातात अगदी सैल होता. मॅनेजर म्हणाले, "झालं," आणि शिक्का मारला.

नंतर खरोखर दहा मिनिटं लागली. पैसे काढायच्या चिठ्ठीवर मी सही केली ती इतकी घाईची, इतकी वाकडीतिकडी, की पाच मिनिटांपूर्वी कार्डावर केलेल्या सहीशी तिचा काही संबंध नव्हता. खिडकीतल्या माणसाने कार्ड उघडूनसुद्धा बघितलं नाही. टोकन दिलं, पैसे दिले.

आम्ही तिथूनच सोनाराकडे गेलो. पैंजण आईने पसंत केले, घुंगरांचे, वजनदार. दुकानातून उतरताना तिने विचारलं, "आता मला यायला नगं न्हवं बँकेत?"

"नाही," मी म्हटलं. चांगली कामगिरी केल्यासारखी म्हटलं. "आता सगळं मी बघेन. तू निवांत राहा."

तिने मान हलवली. लग्न झालं, भाचीला पैंजण शोभले, आई परत आली. गच्चीवरच्या वर्गाला ती आली नाही. मणी लई आल्यात म्हणाली. मला खरं वाटलं, किंवा मी खरं वाटून घेतलं. बारा बायकांचा तक्ता होता, मी त्यात आईला 'साक्षर' लिहून वर पाठवून दिलं. तेव्हापासून मी लोकांना बँकेची हकिकत सांगत आले. चार माणसं, चार नियम. तीन सह्या. अंगठा कोण बघतंय, मॅडम. सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मी रचलेला नाही. त्या लोकांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरू नये असंच मला वाटतं. फक्त अंगठा कोणी धरला होता ते मी सांगत नव्हते.

पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या, निवडणूक आली. त्या खेपेला माझी ड्यूटी कशी कोण जाणे चुकली होती, म्हणून मी आईला घेऊन मतदानाला गेले. तुळिंजच्याच एका शाळेत केंद्र होतं. रांगेत ती पुढे, मी तिच्या मागे. टेबलावर एक तरुण शिक्षक बसले होते, माझ्यासारखेच धाडलेले, दिवसभर बसून वैतागलेले. त्यांनी यादीत आईचं नाव शोधलं, रजिस्टर पुढे केलं आणि मान वर न करता विचारलं, "मावशी, सही की अंगठा?"

"अंगठा," आई म्हणाली. "मला लिवाय येत न्हाई."

तिने आपणहून अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर उमटवला आणि पुढच्या टेबलाकडे गेली. शिक्षकांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी सही केली आणि पुढे सरकले.